राऊटरचे पान घरातच असते

नागपुरात एप्रिल लागला की दोन यंत्रांची आठवण होते, कूलरची आणि इंटरनेटची. मुले सुटीवर घरी येतात, एकाच वेळी चार मोबाइल आणि दोन लॅपटॉप चालू होतात, आणि वर्षभर कपाटावर निमूट बसून घरभर इंटरनेट वाटणाऱ्या पेटीकडे, म्हणजे राऊटरकडे, सगळ्यांचे लक्ष जाते. कूलरची खस कधी बदलायची आणि टाकी कोणी भरायची हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. बसवून देणारा माणूस गेल्यानंतर राऊटरच्या आत मात्र कोणी डोकावलेले नसते. या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या चौघांच्या अडचणींचे मूळही बहुतेक तिथेच आहे.

प्रश्न : मी सेवानिवृत्त बँक कर्मचारी असून त्रिमूर्तीनगरात राहतो. दीड वर्षापासून घरी फायबरचे कनेक्शन आहे. कंपनीने दिलेल्या पेटीचे वायफाय मागच्या दोन खोल्यांत पोचत नाही, म्हणून मुलाने पुण्याहून नवा राऊटर पाठवला. सोबतच्या पत्रकात ब्राऊझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता लिहा असे सांगितले आहे. मोबाइलवर लिहिला तर गुगलवर भलतीच संकेतस्थळे आली. लॅपटॉपवर लिहिला तर कंपनीच्याच पेटीचे पान उघडले आणि वर 'सुरक्षित नाही' असा इशाराही दिसला. कनेक्शन बसवून गेलेल्या मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "काकाजी, वायफाय तर येऊन राहिलं ना, मग कायला हात लावता?" मला हे काम स्वतः करायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : सुरुवात आपण केलेलीच आहे. आपण नक्की कोणाच्या दारात उभे आहात, एवढेच आधी कळायला हवे.

१९२.१६८.१.१ हा इंटरनेटवरील कोणत्याही संकेतस्थळाचा पत्ता नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ या दरम्यानचे पत्ते, १९९६ साली पक्क्या झालेल्या इंटरनेटच्या नियमानुसार, खासगी जाळ्यांसाठी राखीव आहेत, आणि जगातली असंख्य घरे आपापल्या चार भिंतींच्या आत हेच पत्ते वापरतात. 'मारुतीच्या देवळामागे' हा पत्ता जसा प्रत्येक वस्तीत चालतो आणि वस्तीबाहेर त्याला काही अर्थ उरत नाही, तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच राऊटरचे पान, म्हणजे त्याच्या सेटिंग बदलण्याची जागा, उघडण्यासाठी इंटरनेट चालू असण्याची मुळीच गरज नसते. ते पान राऊटरच्याच आत साठवलेले असते. ज्या यंत्रावर ते पाहायचे ते यंत्र त्या राऊटरला वायरने किंवा वायफायने जोडलेले असले म्हणजे पुरते.

मोबाइलवर गुगल का उघडले? बहुधा आपला कळफलक मराठीत होता. मराठी अंकांत लिहिलेला पत्ता ब्राऊझर पत्ता म्हणून ओळखत नाही आणि तो शब्द समजून शोध घ्यायला निघतो. आमच्या छापण्याच्या पद्धतीमुळे येथेही तो मराठी अंकांत दिसतो आहे, पण लिहिताना कळफलक इंग्रजी करावा, मध्ये फक्त टिंबे द्यावीत आणि जागा सोडू नये. पत्ता पानाच्या मधल्या शोधचौकटीत न लिहिता वरच्या पट्टीत लिहावा. एवढे करूनही मोबाइलवर पान उघडले नाही, तर मोबाइल डेटा बंद करावा. नव्या राऊटरला अजून बाहेरची जोडणी मिळालेली नसते, त्यामुळे मोबाइल 'या वायफायवर इंटरनेट नाही' असे ठरवून मुकाट्याने सिमकार्डाच्या डेटावर जातो आणि घरातला पत्ता घराबाहेर शोधत बसतो.

लॅपटॉपवर कंपनीच्या पेटीचे पान उघडले, कारण लॅपटॉप त्याच पेटीच्या वायफायला जोडलेला होता. ज्याचे वायफाय त्याचे पान, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा गोंधळ संपतो. नव्या राऊटरचे पान हवे असेल तर लॅपटॉपचे वायफाय बंद करावे आणि छोट्या वायरने लॅपटॉप थेट नव्या राऊटरच्या लॅन लिहिलेल्या खाचेत जोडावा. राऊटरचा खरा पत्ता पत्रकापेक्षा लॅपटॉपलाच विचारणे बरे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली की 'डीफॉल्ट गेटवे'समोर जो आकडा येतो तोच राऊटरचा पत्ता. मोबाइलवर वायफायच्या तपशिलात 'गेटवे' किंवा 'राऊटर' या नावाखाली तो दिसतो. लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राऊटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही असे समजावे आणि वायर योग्य खाचेत आहे का ते पाहावे.

'सुरक्षित नाही' या इशाऱ्याने बिचकू नये. ब्राऊझर ज्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवतो ते इंटरनेटवरील नावांना मिळते, घरातल्या खासगी पत्त्याला मिळत नाही, म्हणून हा इशारा येतो. आपल्याच वायरने आपल्याच पेटीशी बोलताना त्याकडे दुर्लक्ष करता येते. हाच इशारा बँकेच्या संकेतस्थळावर दिसला तर मात्र तेथून तत्काळ परत फिरावे. हे आपल्याला मी सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. फायबरसोबत कंपनी जी पेटी देते तिला तंत्रज्ञ ओएनटी म्हणतात. काचेच्या तंतूतून आलेला प्रकाश विजेच्या संकेतात बदलणे हे तिचे मूळ काम, परंतु हल्ली याच पेटीत राऊटर आणि वायफायही असते. म्हणजे आपल्या घरात आधीच एक राऊटर कारभार पाहतो आहे, प्रत्येक मोबाइलला घरातला पत्ता वाटून देतो आहे, आणि आता त्याच्याशेजारी दुसरा कारभारी येऊन बसतो आहे. त्यातून दोघांचाही पत्ता कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ असा ठरून आलेला असला, तर एका म्यानात दोन तलवारी कोंबल्यासारखे होते. काही नवे राऊटर हे ओळखून आपला पत्ता आपणच बदलतात, सगळे बदलत नाहीत.

यातून मार्ग तीन. पहिल्यात कंपनीच्या पेटीला 'ब्रिज' करून निव्वळ प्रकाश बदलण्याच्या कामावर ठेवायचे आणि बाकीचा सगळा कारभार नव्या राऊटरकडे द्यायचा. हे काम बहुधा कंपनीच्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे लागते, आणि पेटीला लँडलाइन जोडलेली असेल तर ती चालू राहील का हे त्याला आधीच विचारावे. दुसऱ्यात नव्या राऊटरची वॅन खाच, म्हणजे बाहेरून इंटरनेट आत घेणारी, जुन्या पेटीच्या लॅन खाचेला जोडायची, जोडणीचा प्रकार 'डायनॅमिक आयपी' निवडायचा आणि नव्या राऊटरचा घरातला पत्ता १९२.१६८.५०.१ असा काहीतरी वेगळा ठेवायचा. यात इंटरनेट चालते, पण घरात दोन वेगळी जाळी तयार होतात आणि पुढच्या खोलीतला प्रिंटर मागच्या खोलीतल्या मोबाइलला सापडत नाही. तिसऱ्यात नव्या राऊटरने कारभार करायचाच नाही. त्याने फक्त वायफाय पसरवायचे. याला 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' म्हणतात. आपली अडचण केवळ मागच्या खोल्यांची आहे, तेव्हा आपल्यासाठी हाच मार्ग योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे.

राऊटरच्या पानावर पहिल्यांदा शिरल्यावर 'क्विक सेटअप' समोर येतो आणि तो पीपीपीओईचे, म्हणजे कंपनीच्या यंत्राला आपली ओळख पटवण्याचे, नाव व पासवर्ड मागतो. येथेच बहुतेक लोक अडकतात. आपल्याला त्यातले काहीच भरायचे नाही. तो सोडून 'ऑपरेशन मोड' शोधावा आणि 'अ‍ॅक्सेस पॉइंट' निवडावा. त्यानंतर जुन्या पेटीच्या लॅन खाचेतून मागच्या खोलीपर्यंत वायर न्यावी आणि ती पत्रकात सांगितलेल्या खाचेत जोडावी. हा पर्याय पानावर नसेल तर तेच काम हाताने करता येते. प्रथम जुन्या पेटीच्या पानावर जाऊन ती कोणत्या मर्यादेत पत्ते वाटते ते पाहावे. समजा ती १९२.१६८.१.१०० पासून १९९ पर्यंत वाटत असेल, तर नव्या राऊटरचा लॅन पत्ता त्या मर्यादेबाहेरचा, म्हणजे १९२.१६८.१.२ करावा, मग त्यातली पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा बंद करावी, आणि जुन्या पेटीची वायर नव्या राऊटरच्या वॅनमध्ये न घालता लॅन खाचेत घालावी. वॅन खाच रिकामीच राहील.

लॅन पत्ता बदलून 'सेव्ह' दाबले की समोरचे पान नाहीसे होते. यंत्र बिघडलेले नसते, ते नव्या पत्त्यावर राहायला गेलेले असते. पहिल्यांदा हे काम केले तेव्हा मी स्वतः अर्धा तास जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसलो होतो.

वायफायचे नाव आणि पासवर्ड दोन्ही पेट्यांवर तंतोतंत सारखे ठेवले तर मोबाइल घरभर फिरताना आपणच जवळची पेटी धरतो. मात्र २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात दोन्ही पेट्यांचे चॅनेल वेगळे ठेवावेत. या पट्ट्यात भारतात १३ चॅनेल वापरता येतात, पण ते एकमेकांवर चढलेले असल्यामुळे एकमेकांना त्रास न देणारे तीनच उरतात, १, ६ आणि ११. पुढच्या पेटीला १ आणि मागच्या पेटीला ११ दिला की काम भागते.

आणि हे सगळे करण्यापूर्वी कंपनीच्या पेटीचे प्रत्येक पान उघडून, काहीही न बदलता, मोबाइलने त्याचे फोटो काढून ठेवावेत. याचे महत्त्व पुढच्या पत्रात दिसेल.

प्रश्न : मी महालात राहणारी शिक्षिका आहे. मागच्या आठवड्यात इंटरनेट बंद पडले. शेजारच्या मुलाने पेटीच्या मागच्या बारीक छिद्रात पिन घालून ती बराच वेळ दाबून धरली. त्यानंतर वायफायचे नाव बदलून पेटीच्या तळाशी छापलेले जुनेच आले आणि इंटरनेट आजतागायत आलेले नाही. पान उघडले तर पीपीपीओई युजरनेम आणि पासवर्ड मागते. कंपनीच्या अ‍ॅपचे नाव आणि पासवर्ड घालून पाहिले, चालले नाही.

उत्तर : रीस्टार्ट आणि रीसेट हे दोन शब्द आपल्याकडे सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात आणि त्यापायी अशी असंख्य कनेक्शने बंद पडतात. रीस्टार्ट म्हणजे यंत्र बंद करून पुन्हा चालू करणे. त्याने काहीच पुसले जात नाही. रीसेट म्हणजे पाटी कोरी करणे. पिनेने ते छिद्र साधारण दहा सेकंद दाबले की बसवणाऱ्याने भरलेली सगळी माहिती पुसली जाते आणि पेटी कारखान्यातून निघाली तशी होते. मूळ बिघाड जर बाहेरच्या वायरीत होता, तर तो तसाच राहिला आणि त्यावर दुसरा आपण घरात निर्माण केला.

म्हणून आधी दिवे पाहावेत. पेटीवर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल असेल किंवा लुकलुकत असेल, तर तंतूतून प्रकाशच येत नाही असा त्याचा अर्थ. रस्ता खोदताना केबल तुटली असेल, किंवा घरात कपाट सरकवताना ती पिवळी वा पांढरी बारीक वायर काटकोनात मुडपली असेल. काचेच्या तंतूला तीव्र वळण सोसत नाही. अशा वेळी पानावर काहीही भरून उपयोग होत नाही, कंपनीलाच कळवावे लागते. तो दिवा विझलेला आणि 'पॉन' लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल, तर प्रकाश येतो आहे आणि केवळ आपली माहिती भरायची राहिली आहे.

पीपीपीओईचे नाव आणि कंपनीच्या अ‍ॅपचे नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले नाव आपली पेटी कंपनीच्या यंत्राला सांगते, दुसरे आपण बिल भरण्यासाठी वापरता. ग्राहकसेवेला फोन करून 'इंटरनेट चालत नाही' एवढेच सांगितले तर संभाषण तासभर चालेल. त्याऐवजी 'पेटी रीसेट झाली आहे, पीपीपीओई युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी सांगा' असे नेमके मागावे. व्हीलॅन हा एक छोटा आकडा असतो, काही कंपन्यांना तो लागतो, काहींना लागत नाही; लागत असेल आणि भरला नाही तर बाकी सगळे बरोबर असूनही जोडणी होत नाही. काही कंपन्यांच्या पेट्या रीसेटनंतर ही माहिती दूरून आपणच मिळवतात, पण आठवडा उलटला आहे, तेव्हा आपली पेटी त्यातली नसावी.

पेटीच बदललेल्या वाचकांसाठी एक गोष्ट येथेच सांगतो. काही स्थानिक केबलचालक ग्राहकाच्या यंत्राचा मॅक क्रमांक, म्हणजे त्यावर छापलेला बारा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक, आपल्याकडे बांधून ठेवतात. नवा राऊटर लावला की नाव आणि पासवर्ड बरोबर असूनही नकार येतो. एक तर त्यांना नवा क्रमांक कळवावा, नाहीतर राऊटरच्या पानावरील 'मॅक क्लोन' या सोयीने जुन्या यंत्राचा क्रमांक नव्याला द्यावा.

इंटरनेट परत आले की त्याच दिवशी 'बॅकअप' या पानावरून सेटिंगची फाइल लॅपटॉपवर उतरवून घ्यावी आणि पीपीपीओईची माहिती घरातल्या डायरीत लिहून ठेवावी. फक्त मोबाइलमध्ये ठेवू नये, कारण ती नेमकी लागते तेव्हा इंटरनेट बंद असते. शेजारच्या मुलाला रागवू नये. त्याला हे कोणी शिकवलेले नाही.

प्रश्न : खामल्याला आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर चार विद्यार्थी भाड्याने राहतात. वायफाय त्यांनाही दिले आहे. अ‍ॅपवर सतरा यंत्रे जोडलेली दिसतात. काहींना मी 'ब्लॉक' केले, पण दुसऱ्या दिवशी ती वेगळ्या नावाने परत दिसली. पासवर्ड बदलला तर आमचाच प्रिंटर बंद पडतो. काय करावे?

उत्तर : ब्लॉक करण्याचा नाद सोडावा. अँड्रॉइड १० पासूनचे आणि आयओएस १४ पासूनचे मोबाइल आपला खरा मॅक क्रमांक झाकून वायफायला बनावट क्रमांक सांगू शकतात. आपण एक अडवला तरी त्याच मोबाइलला दुसरा क्रमांक घेऊन येता येते. वायफायचे नाव लपवण्याचा सल्लाही कोणी देईल. तोही निरुपयोगी आहे, कारण नाव लपवले तरी जाळे लपत नाही.

राऊटरला दोन पासवर्ड असतात आणि आपण बहुधा एकच बदलत आला आहात. एक वायफायला जोडून घेण्याचा, दुसरा राऊटरच्या पानावर शिरण्याचा. दुसरा अजून 'अ‍ॅडमिन' किंवा पेटीखाली छापलेला असेल, तर वरच्या मजल्यावरचा कोणताही विद्यार्थी आपला नवा वायफाय पासवर्ड त्या पानावर जाऊन वाचू शकतो. २०१६ साली 'मिराई' नावाच्या दुष्ट प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राऊटर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली होती. त्यात चातुर्य फारसे नव्हते. नेहमीच्या नावांची आणि पासवर्डांची एक छोटी यादीच पुरली. म्हणून प्रथम पानाचा पासवर्ड बदलावा आणि 'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे घराबाहेरून ते पान उघडण्याची सोय, चालू असल्यास बंद करावे.

त्यानंतर सुरक्षेच्या पानावर वायफायच्या कुलपाचा प्रकार म्हणून 'डब्ल्यूपीए-२' किंवा 'डब्ल्यूपीए-२ व ३ मिश्र' निवडावे. निव्वळ डब्ल्यूपीए-३ निवडले तर जुना प्रिंटर जोडला जाणार नाही. 'डब्ल्यूपीएस'ची, म्हणजे पासवर्ड न लिहिता वायफायला जोडून घेण्याच्या सोयीची, पिन बंद करावी. आठ आकडी पिन ऐकायला भक्कम वाटते, पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो आणि यंत्र ती पिन दोन तुकड्यांत तपासते, त्यामुळे सगळ्या शक्यता मिळून केवळ ११ हजार उरतात. २०११ साली हा दोष जाहीर झाला तेव्हापासून ती पिन चालू ठेवण्यात अर्थ राहिलेला नाही.

विद्यार्थ्यांसाठी 'गेस्ट नेटवर्क' या पानावरून वेगळे वायफाय तयार करावे आणि त्याचा पासवर्ड दर सत्राला, भाडेकरू बदलले की, बदलावा. पाहुण्यांच्या या जाळ्यातून इंटरनेट मिळते, पण आपला प्रिंटर आणि लॅपटॉप दिसत नाहीत. काही राऊटरवर त्याला वेगाची मर्यादाही घालता येते, आणि ती घालून मग एकदा सर्वांना बसवून सांगावी. चोरून घातलेली मर्यादा मुलांना पहिल्याच दिवशी कळते. आपला मुख्य पासवर्ड एकदाच बदलावा, तो किमान आठ अक्षरांचा असावाच लागतो, पण चार असंबद्ध शब्दांची लांब ओळ घेतली तर लक्षातही राहते. प्रिंटर बहुधा २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच चालतो, तेव्हा नवा पासवर्ड देताना त्याला त्याच पट्ट्याचे नाव निवडून द्यावे. दोन्ही पट्टे एकाच नावाखाली असतील आणि प्रिंटर जोडला जात नसेल, तर 'स्मार्ट कनेक्ट' बंद करून दोन नावे वेगळी करावीत.

प्रश्न : मानेवाड्याला आमचे घर आहे. ३०० एमबीपीएसचे पैसे भरतो, पण वेग कधीही ९४ च्या वर जात नाही. शिवाय मे महिन्यात दुपारी वायफाय फारच मंदावते आणि कधी कधी पेटी आपोआप बंद होऊन सुरू होते. कंपनी म्हणते, आमच्याकडून बरोबर येत आहे.

उत्तर : कंपनीचे म्हणणे खरे असण्याची शक्यता बरीच आहे. वेग रोज वेगवेगळा येत असता तर शंभर कारणे शोधावी लागली असती, पण तो ९४ च्या आसपासच अडत असेल तर मार्गात कोठेतरी १०० एमबीपीएसची खाच किंवा वायर आहे, हे जवळजवळ निश्चित. नेटवर्कच्या वायरीत आठ तारा असतात. १०० च्या वेगाला त्यांतल्या चार पुरतात, १००० ला आठही लागतात, त्यामुळे टोकाचा जॅक बसवताना एखादी तार सुटली किंवा उंदराने कुरतडली तर जोडणी बंद न पडता १०० वर उतरते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. राऊटरच्या 'स्टेटस' पानावर प्रत्येक खाचेसमोर जोडणीचा वेग लिहिलेला असतो. तेथे १०० दिसला तर ओएनटी आणि राऊटरमधली छोटी वायर बदलून पाहावी. तरीही १०० च राहिला तर राऊटरवर कोठेतरी '१०/१००' असे छापलेले सापडते. तसे असेल तर सेटिंगने काही साधणार नाही, राऊटरच बदलावा लागेल.

उन्हाळ्याचे कारण वेगळे आहे. घरगुती राऊटर साधारणपणे ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो आणि स्लॅबखालची बंद खोली दुपारी किती तापते हे नागपूरकराला आकड्यात सांगण्याची गरज नाही. त्यात ती पेटी टीव्हीच्या मागे, सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेली असते. रुमाल काढावा, पेटी भिंतीवर उभी टांगावी, आणि ओएनटी व राऊटर यांचे अ‍ॅडॉप्टर अदलाबदल झालेले नाहीत ना, हे त्यांवरील व्होल्ट आणि अँपिअर वाचून पाहावे. दोन्हींची पिन सारखी असते, ताकद सारखी असेलच असे नाही.

आणि कूलर. कूलर पाहिल्याशिवाय नागपुरातल्या वायफायची तक्रार निकालात काढू नये, असे माझे मत झाले आहे. पत्र्याचे शरीर वायफायच्या लहरी परतवते, भिजलेली खस आणि खालची पाण्याची टाकी त्या शोषून घेते. हिवाळ्यात खिडकी रिकामी असते तेव्हा ज्या खोलीत उत्तम वेग मिळतो, तेथे एप्रिलमध्ये राऊटर आणि खाट यांच्यामध्ये कूलर येऊन बसतो आणि दोष मात्र कंपनीला जातो. राऊटर कूलरच्या झोतात ठेवून थंड करण्याचा विचारही मनात आणू नये. ती हवा दमट असते. कूलरच्या विरुद्ध भिंतीवर, खांद्याच्या वर, ही त्याची जागा. जवळ बसून काम करायचे असेल तर ५ गिगाहर्ट्झ, भिंतीपलीकडे जायचे असेल तर २.४, जास्त वारंवारतेच्या लहरी विटांच्या भिंतीत लवकर थकतात.

प्रश्न : इतवारीत माझे दुकान आहे आणि घर वर्धमाननगरला. दुकानातले कॅमेरे घरून पाहता यावेत म्हणून राऊटरच्या पानावर 'पोर्ट फॉरवर्डिंग', म्हणजे बाहेरून आलेली जोडणी आतल्या यंत्राकडे वळवण्याची सोय, चालू केले. सगळे मार्गदर्शनाप्रमाणे भरले, तरी घरून दिसत नाही.

उत्तर : दुकानातल्या राऊटरचे 'स्टेटस' पान उघडावे आणि वॅन पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर आपण केलेले सगळे बरोबर असूनही ते चालणार नाही. पत्ते अपुरे असल्यामुळे कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. आपण आपले दार उघडले आहे, पण त्यापुढे कंपनीचे मोठे फाटक आहे आणि त्याची किल्ली आपल्याकडे नाही. वॅन पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर मात्र फाटक दुकानातच आहे, म्हणजे पहिल्या उत्तरात सांगितलेले दोन कारभारी एकामागे एक बसले आहेत.

कंपनीकडून 'स्टॅटिक आयपी', म्हणजे आपला एकट्याचा न बदलणारा सार्वजनिक पत्ता, विकत घेता येतो, पण त्यासाठी वेगळे पैसे पडतात आणि कॅमेऱ्याचे यंत्र सगळ्या जगासमोर उघडे होते. आपण पोर्ट उघडताना डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या त्या यंत्राचा, पासवर्ड बदलल्याचे पत्रात लिहिलेले नाही. बदलला नसेल तर आजचे अपयश लाभाचेच समजावे. पोर्ट फॉरवर्डिंगची नोंद काढून टाकावी, डीव्हीआरचा पासवर्ड बदलावा आणि त्याच्या उत्पादकाच्या मोबाइल अ‍ॅपने, यंत्रावरचा क्यूआर कोड वाचून, कॅमेरे जोडावेत. त्या पद्धतीत दुकानातले यंत्रच बाहेर जाऊन जोडणी करते, त्यामुळे फाटकाचा प्रश्न येत नाही. तो कोड दर्शनी बाजूला चिकटवलेला असेल तर यंत्र गल्ल्याच्या आतल्या कप्प्यात ठेवावे.